न दिसणारं दुखणं : बहरीनचा सिक्लर आणि आपला सिकलसेल



खरं तर या वेळी माझ्याकडे कॉम्प्युटरवरचा लेख मागितला होता. पासवर्ड कसे सांभाळावेत यावर अर्धा लिहूनही झाला होता. तो पुढच्या वेळी नक्की. मध्येच एक वेगळाच विषय डोक्यात बसला आणि तो लिहून टाकल्याशिवाय दुसरं काही सुचेना. मी डॉक्टर नाही, इंजिनियर आहे. त्यामुळे हे माहिती म्हणून वाचा, उपचारांसाठी आपल्या डॉक्टरांनाच विचारा.

आमच्या टीममध्ये एक बहरीनी सहकारी आहे. नेटवर्कच्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नाही. पण दर दोन-तीन महिन्यांनी हा गडी दोन-चार दिवस गायब होतो. आधी कळवणं नाही, काही नाही. परत येतो तेव्हा चेहरा जरा उतरलेला, बाकी धडधाकट. चहाच्या वेळी आम्हा भारतीय मंडळींत यावर बरेच विनोद व्हायचे. ते इथे लिहिण्यासारखे नाहीत, आणि त्यात मीही होतो हे कबूल करायला हवं. ड्युटीचा तक्ता मीच बनवत असे. महत्त्वाचं काम याच्या वाट्याला द्यायचं मी हळूहळू बंद केलं होतं. कुणाला न सांगता. त्यालाही नाही.

मग एका ऑगस्टमध्ये संध्याकाळी त्याने मला गाडीने हॉस्पिटलला सोडशील का, असं विचारलं. गाडीत बसल्याबरोबर त्याने आधी ए.सी. बंद करायला लावला. बहरीनमध्ये, ऑगस्टमध्ये! मी घामाने निथळत गाडी चालवतोय आणि हा शेजारी बसून फोनवर आपल्या लहान मुलीशी हसत गप्पा मारतोय. मला वाटलं, हे कसलं आजारपण? फोन ठेवल्यावर विचारलं, किती दुखतंय? तो म्हणाला, "दहापैकी नऊ." आणि मांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून डोळे मिटून बसला. पुढे हॉस्पिटल येईपर्यंत एक शब्द नाही.

त्याला सिकलसेल आहे. इथले लोक बोलताना अरबीतही 'सिक्लर' असंच म्हणतात. आपल्यापैकी जे बरीच वर्षं इथे आहेत त्यांच्या कानावर हा शब्द पडला असेल आणि "इथल्या लोकांचा काहीतरी आजार" म्हणून सोडूनही दिला असेल. मीही तेच केलं होतं. गंमत म्हणजे मी मूळचा चंद्रपूरचा, आणि तिथे हाच आजार आमच्या घरात होता. त्याबद्दल पुढे सांगतो.

आजार नेमका काय आहे ते आधी पाहू. रक्तातल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असतं, ते फुप्फुसातून प्राणवायू उचलून शरीरभर पोचवतं. त्यातल्या बीटा नावाच्या साखळीत १४६ दुवे असतात. सिकलसेलमध्ये सहाव्या जागेवरचा फक्त एक दुवा बदललेला असतो, ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन. जनुकात पाहिलं तर एका अक्षराची चूक. आमच्या धंद्यातल्या माणसाला यात नवल वाटत नाही. एक अक्षर चुकल्याने अख्खी सिस्टीम बसल्याचे अनुभव आम्ही घेतलेले असतात. इथे फरक इतकाच, की ही चूक रोज चालते आणि एखाद्या दिवशीच बसते.

तर, असं हिमोग्लोबिन प्राणवायू सोडून रिकामं झालं की त्याचे कण एकमेकांना चिकटून पेशीच्या आत काड्या तयार होतात. एरवी मऊ, गोल आणि बारीकशा रक्तवाहिनीतूनही दुमडून पार होणारी पेशी मग ताठ होते आणि विळ्यासारखी वाकते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून हे नाव. आता गुरुवार संध्याकाळचा किंग फहद कॉजवे डोळ्यांसमोर आणा. त्या गर्दीत एखादा लांब ट्रेलर रस्त्यावर आडवा अडकला तर काय होईल? मागचं सगळं ठप्प. बारीक रक्तवाहिन्यांत हेच होतं. पलीकडच्या हाडाला, स्नायूला, कधी फुप्फुसाला किंवा मेंदूला रक्त मिळत नाही आणि प्राणवायूवाचून तो भाग अक्षरशः तडफडतो. ती कळ म्हणजे 'क्रायसिस'. शिवाय साधी तांबडी पेशी १२० दिवस टिकते, तर ही जेमतेम १० ते २० दिवस. म्हणून रक्त कायम कमी, थकवा कायम, आणि कधीकधी डोळे पिवळसर.

१९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी या पेशींचं पहिलं वर्णन छापलं. रुग्ण होता ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेला दंतवैद्यकाचा एक विद्यार्थी. परदेशी शिकायला गेलेला मुलगा आणि तिथे न कळणारं आजारपण, हे वाचताना मला उगाच जवळचं वाटलं. असो.

आता मूळ मुद्दा. हे दुखणं दिसत नाही, म्हणजे नक्की काय?

फ्रॅक्चर एक्स-रेमध्ये दिसतं. काविळीत रक्ताचे आकडे बदलतात. सिकलसेलच्या कळेत बऱ्याचदा असं काहीच हाती लागत नाही. सूज नसते, जखम नसते. हिमोग्लोबिन तपासावं तर नेहमीइतकंच कमी. एक्स-रे स्वच्छ. नाडी आणि रक्तदाबही कधीकधी ठीकच. "याला आत्ता क्रायसिस आहे" असं छातीठोक सांगणारी रक्ताची तपासणीच नाही. एकच पुरावा असतो, तो म्हणजे रुग्णाचा शब्द. आणि लहानपणापासून दुखण्याबरोबर राहिलेला माणूस आपण समजतो तसा ओरडत नाही. तो टीव्ही बघतो, फोनवर बोलतो, विनोद करतो, कारण मन दुसरीकडे नेणं हा एकच उपाय त्याच्या हातात असतो. पाहणाऱ्याला मात्र वाटतं, हसतोय म्हणजे दुखत नसणार.

हॉस्पिटलात याचा आणखी एक त्रास होतो. जोराच्या क्रायसिसला साध्या गोळ्या पुरत नाहीत, मॉर्फिनच्या जातीची औषधं लागतात. अनेक वर्षं ती घेतलेल्या शरीराला सवय होते आणि तेवढ्याच कळेला जास्त डोस लागतो. रुग्णाला अनुभवाने हेही माहीत असतं की आपल्याला कुठलं औषध किती लागतं. पण तो ते तोंडाने बोलला की समोरच्याच्या डोक्यात शंका येते, हा व्यसनी तर नाही? व्यसन लागतच नाही असं मी म्हणत नाही. ती काळजी डॉक्टरांनी घ्यायलाच हवी. पण शरीराला सवय होणं वेगळं आणि व्यसन वेगळं. जगात जिथे जिथे हा आजार आहे तिथे तिथे रुग्णांची हीच तक्रार आहे, की आधी दुखतंय हे सिद्ध करायचं आणि मग औषध मिळवायचं. माझा सहकारी म्हणाला, "कळ सोसता येते रे, पण रांगेत उभं राहून ती समजावून सांगणं नको होतं."

बरं, दुखणं फक्त क्रायसिसपुरतं असतं असंही नाही. वारंवार रक्त तुटल्याने खुब्याच्या हाडाचा गोळा झिजून बसतो, आणि ऐन पंचविशी-तिशीत सांधा बदलायची वेळ येते. कित्येक वर्षं कळा सोसून मज्जासंस्थाच इतकी हळवी होते की नवा अडथळा नसतानाही रोजचं दुखणं मागे लागतं. ते सोमवारीही असतं आणि मंगळवारीही. त्यासाठी कुणी रजा देत नाही आणि रोज रोज सांगितलेलं कुणी ऐकूनही घेत नाही.

आता आपल्याकडे वळू. भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये झाली. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा अभ्यास लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध केला. आज विदर्भ म्हटलं की डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर हा आजार येतो : गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, गोंदिया, भंडारा, मेळघाट. तिकडे खानदेशात नंदुरबार. "हा आदिवासींचा आजार" अशी एक सोयीची समजूत आहे, ती चुकीची आहे. आदिवासींमध्ये प्रमाण जास्त आहे हे खरं, पण विदर्भात तो बौद्ध समाजात, कुणबी, तेली आणि इतरही अनेक समाजांत आढळतो. जनुक जात विचारून येत नाही.

आणि खरी चकित करणारी गोष्ट पुढेच आहे. सिकलच्या जनुकाच्या आजूबाजूच्या डीएनएची ठेवण तपासली तर जगात त्याचे काही ठरावीक प्रकार सापडतात. आफ्रिकेतल्या प्रकारांना बेनिन, सेनेगल, बांटू अशी नावं आहेत. एका प्रकाराचं नाव आहे 'अरब-इंडियन'. तो सौदीच्या पूर्व भागात म्हणजे कतीफ आणि अल-अहसाकडे, इथे बहरीनमध्ये आणि आपल्या मध्य भारतात सापडतो. म्हणजे माझ्या त्या सहकाऱ्याचा आणि माझ्या मामेभावाचा आजार नुसता एका नावाचा नाही, एकाच घराण्यातला आहे! चार हजार वर्षांपूर्वी दिलमून आणि सिंधू संस्कृतीचा व्यापार चालत होता, हडप्पाच्या पद्धतीची वजनं इथल्या कलात अल-बहरीनच्या टेकाडात सापडली आहेत. गलबतांबरोबर हे जनुकही आलं-गेलं असेल असं म्हणायचा मोह होतो. पण तो मोहच, पुरावा नव्हे. दोन्हीकडे ते टिकलं याचं कारण मात्र माहीत आहे, ते म्हणजे मलेरिया. आईवडिलांपैकी एकाकडूनच हे जनुक मिळालेल्या माणसाला, म्हणजे वाहकाला, जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत हे दाखवून दिलं. गडचिरोलीचं जंगल आणि बहरीनच्या झऱ्यांकाठच्या खजुराच्या बागा, दोन्हीकडे डास होतेच.

या अरब-इंडियन प्रकाराला पुस्तकांत 'सौम्य' म्हणतात. कारण या रुग्णांत बाळपणीचं हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी शिल्लक राहतं आणि ते काड्या होऊ देत नाही. रक्त तुलनेने कमी घटतं, काही गुंतागुंती कमी दिसतात. पण कळा आणि खुब्याचं दुखणं या प्रकारातही भरपूर आहे. विदर्भातल्या मुलांमध्ये तर आजार तितका सौम्य नसतो असंही तिथल्या डॉक्टरांनी नोंदवलं आहे. त्यामुळे 'सौम्य' हा शब्द मला आता खटकतो. तो कोणी ठरवला? मोजता येणाऱ्या आकड्यांनी. मोजता न येणारं जे आहे ते त्यात धरलंच नाही.

माझ्या मामेभावाची गोष्ट थोडक्यात सांगतो. शाळेत असताना त्याचे पाय दुखायचे, विशेषतः थंडीत आणि पोहून आल्यावर. "परीक्षा आली की याचे पाय दुखतात" हे आमच्या घरातलं ठरलेलं वाक्य होतं. मास्तरांनी मारलं, मामांनी मारलं. तेल लावलं, नजर काढली. एकोणिसाव्या वर्षी खुबा इतका झिजला की चालता येईना, तेव्हा कुठे एका डॉक्टरने रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्ट आला त्या दिवशी मामा काही बोलले नाहीत. पण नंतर घरात एकच सूचना झाली : बाहेर कुणाला सांगायचं नाही, पाठची बहीण लग्नाची आहे.

न दिसणारं दुखणं ते हेही. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८० च्या दशकात गडचिरोलीत सिकलसेलचं सर्वेक्षण केलं. पण हा आजार लोकांना आपला प्रश्न वाटतच नव्हता, असं डॉ. बंग यांनी स्वतःच सांगितलं आहे. नागपूरच्या संपत रामटेके यांनी मात्र सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियामार्फत वर्षानुवर्षं हा प्रश्न लावून धरला. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेलचा समावेश झाला, म्हणजे न दिसणारं अपंगत्वही अपंगत्व असतं हे कायद्याने मानलं. (नोकरीतल्या आरक्षणात मात्र रक्ताचे आजार घेतलेले नाहीत. का, ते कायदा करणाऱ्यांनाच ठाऊक.) १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिचं उद्दिष्ट ४० वर्षांखालच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचं आहे.

बहरीनने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. देश छोटा, त्यामुळे सोपं, असं आपण म्हणू शकतो. पण करावं तर लागतंच. डॉ. शेखा अल-अरायेद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून मोजमाप सुरू केलं. तेव्हा जन्मणाऱ्या शंभर बाळांत साधारण दोघांना हा आजार असे. १९९८ पासून शाळेतल्या मोठ्या मुलांचं रक्त तपासून प्रत्येकाच्या हाती त्याचं कार्ड दिलं जाऊ लागलं. २००४ मध्ये बहरीनी नागरिकांना लग्नाआधीची तपासणी कायद्याने सक्तीची झाली. लग्न करायचं की नाही हे मात्र कायद्याने त्या दोघांवरच सोडलं आहे. नवीन बाळांतलं प्रमाण अर्ध्याहून खाली आलं. आणि डिसेंबर २०२३ मध्ये कॅसजेव्ही या जनुक दुरुस्त करणाऱ्या उपचाराला ब्रिटनपाठोपाठ मान्यता देणारा जगातला दुसरा देश बहरीन ठरला, अमेरिकेच्याही काही दिवस आधी. उपचार सोपा नाही, त्याआधी केमोथेरपी घ्यावी लागते, आणि अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे. रोजच्या आयुष्यात उपयोगी पडतं ते जुनं, स्वस्त हायड्रॉक्सियुरिया. त्याने बऱ्याच जणांच्या कळांची संख्या कमी होते.

आता आपल्यासाठी. वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे, वाहकाला एरवी सहसा काही त्रास होत नाही. पण दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिलं मूल ठीक झालं म्हणून दुसऱ्याचा धोका कमी होत नाही, नाणं दर वेळी नव्याने उडवलं जातं. आपल्या पुढच्या पिढीची लग्नं आता सिंधी, गुजराती, पंजाबी घरांत सर्रास होतात. त्या समाजांत थॅलेसेमियाचे वाहक बरेच असतात. एकीकडे सिकल आणि दुसरीकडे बीटा थॅलेसेमिया असेल तरी मुलाला सिकलसेलसारखाच आजार होऊ शकतो. म्हणून गावाकडे शिबिरात होते ती नुसती सोल्युबिलिटी टेस्ट पुरेशी नाही, ती थॅलेसेमियाचा वाहक पकडत नाही. लॅबमध्ये 'हिमोग्लोबिन एचपीएलसी' किंवा 'इलेक्ट्रोफोरेसिस' असं नाव घेऊन तपासणी मागा. आयुष्यात एकदाच करायची असते. नुकतंच रक्त चढवलं असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

घरात कुणाला आजार असेल तर इथली हवा लक्षात ठेवा. उन्हाळ्यात पाणी सतत प्यायचं, तहान लागेपर्यंत थांबायचं नाही. उन्हातून थेट थंडगार मॉलमध्ये, किंवा गार पाण्याच्या पूलमध्ये उडी, हे टाळायचं. हिवाळ्यात शमालचा वारा सुटला की गरम कपडे. लडाखसारख्या उंच जागी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जायचं नाही. लहान मुलाला १०१ च्या वर ताप, छातीत दुखून धाप लागणं, अचानक एका बाजूची ताकद जाणं, पोट एकदम फुगणं, यांपैकी काहीही झालं तर घरगुती उपाय न करता थेट इमर्जन्सी. इथला नंबर ९९९. नेहमीच्या औषधांचं आणि डोसचं डॉक्टरांच्या सहीचं एक पान पाकिटात असू द्या, कळ चालू असताना बोलणं कमी पडतं. आणि भारतातून येताना ट्रामाडॉल, कोडीनसारख्या गोळ्या प्रिस्क्रिप्शनशिवाय चुकूनही आणू नका. प्रिस्क्रिप्शन असलं तरी आधी इथले नियम विचारून घ्या.

त्या ऑगस्टनंतर मी माझी तपासणी केली. मी वाहक निघालो. बायकोचा रिपोर्ट नॉर्मल आहे. हे सांगायला मामांना फोन केला तर म्हणाले, "तुझं झालं रे बाबा, तू तिकडे आहेस. इथे कशाला बोभाटा करतोस?" मी म्हटलं, "मामा, बोभाटा नाही करत. पण तिचं रक्त तपासून घ्या." बरेच महिने फोनवर हाच विषय. शेवटी मामेबहीण स्वतःच जाऊन तपासून आली. तीही वाहक. जे स्थळ चाललं होतं त्या मुलाला तिने स्वतः सांगितलं आणि त्यालाही तपासायला लावलं. तो निघाला नॉर्मल. लग्न झालं, मामा मांडवात सगळ्यांना मोठ्या अभिमानाने सांगत होते, आमच्याकडे रिपोर्ट बघून लग्न केलंय!

मामेभावाचा खुबा बदलला आहे. आता बरं चालतो, पण थंडीत अजून दुखतं. ऑफिसातल्या सहकाऱ्याला मी तक्त्याची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, मला माहीत होतं. आता मोठं काम असलं की त्याच्या जोडीला दुसऱ्याचंही नाव लावतो, आणि काम त्याच्याकडेच असतं.

कुणाला तपासणीबद्दल काही विचारायचं असेल तर पुढच्या कार्यक्रमात भेटा. मी नेहमीप्रमाणे साऊंड सिस्टीमपाशी सापडेन.